चित्राला प्रश्न विचारायला शिकवणारा वर्ग : कुडाळजवळच्या एका निवासी अभ्यासवर्गाचे परीक्षण

साहित्य आणि कला यांच्या आधाराने एखाद्या प्रदेशाचा सांस्कृतिक इतिहास कसा अभ्यासावा, याचे प्रशिक्षण देणारा आठवडाभराचा एक निवासी वर्ग गेल्या हिवाळ्यात कुडाळजवळ भरला होता. महाविद्यालयीन शिक्षक, संशोधन करणारे विद्यार्थी आणि विषयाची आवड असलेले वाचक अशा सर्वांना तो खुला होता. मालवणच्या एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात तितक्याच रात्री काढायला जे पैसे पडतील, साधारण तेवढे त्याचे शुल्क होते. ते पदरचे भरून मी त्यात सहभागी झाले होते. आयोजक मंडळी मोजकी आहेत, त्यांचा हा उपक्रम अजून बाळसे धरतो आहे आणि पुढे काही उणिवा स्पष्ट शब्दांत मांडायच्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव देण्याचे टाळले आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. चित्र, खेळ किंवा नाटक समोर ठेवून ते कोणी केले, कोणाच्या पैशाने केले, कोणासमोर सादर झाले आणि त्यातून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे प्रश्न जिथे विचारले गेले तिथे हा वर्ग विद्यापीठातील अनेक अभ्यासक्रमांना मागे टाकतो. साहित्याकडे वळल्यावर मात्र याच प्रश्नांचा त्याला विसर पडतो. कादंबरीतले गाव आणि नकाशावरचे गाव एकच आहे असे गृहीत धरून तो पुढे जातो. एकाच छपराखाली इतकी चोख आणि इतकी ढिली शिकवणी क्वचितच पाहायला मिळते.

वर्गाचा सर्वांत भरीव भाग पिंगुळीला झाला. कुडाळपासून अगदी जवळ असलेले हे गाव चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाण्याच्या लोककलेसाठी, महाराष्ट्राबाहेरही ओळखले जाते, आणि २०२१ साली तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाल्यापासून तिथे येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. त्यामुळे बहुतेक सहलींचा साचा ठरून गेला आहे : संग्रहालय पाहायचे, दहा मिनिटे बाहुल्यांचा खेळ बघायचा, एखादे चित्र विकत घ्यायचे आणि समुद्रकिनारा गाठायचा. या वर्गाने तो साचा पिंगुळीतल्या पहिल्याच सकाळी मोडला. आम्हाला चित्रकथीच्या काही चित्रांच्या रंगीत प्रती दिल्या गेल्या, त्यांवर एक अक्षरही लिहिलेले नव्हते, आणि कथा न सांगता प्रत्येकाने दिसते तेवढेच कागदावर उतरवायचे होते. एका चित्रात दोन वानर एकमेकांना भिडलेले होते आणि त्यांच्या बाजूला एक झाड होते. आमच्यापैकी जवळजवळ सर्वांनी त्या झाडामागे उभा असलेला राम लिहून काढला. चित्रात राम नव्हता. वाली आणि सुग्रीव यांची झुंज म्हटल्यावर आमच्या डोक्यातील रामायणाने तो तिथे आणून उभा केला होता. मार्गदर्शिका बाईंनी यावर काहीही भाष्य केले नाही, फक्त सर्वांचे कागद एकापुढे एक मांडून ठेवले. पुराव्यात जे नाही ते आपण किती सहज वाचतो, याचा इतका नेमका धडा पद्धतिशास्त्राच्या एखाद्या जाडजूड पुस्तकातून मिळेल असे वाटत नाही.

त्यानंतर पोथी उलगडली गेली. चित्रकथीची पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच. साधारण तीस ते पन्नास चित्रे, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक दाखवून झाले की पान फिरवायचे आणि पुढचे समोर येते. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर निवेदक कथा गातो, मध्येच गद्यात सांगतो, पुन्हा गातो. बाईंनी आम्हाला कथेकडे नंतर आणि कागदाकडे आधी पाहायला लावले. एका जुन्या पोथीच्या चित्रांचे खालचे कोपरे अंगठ्याच्या घामाने काळवंडले होते, पण सगळे सारखे नव्हते. युद्धाच्या आणि शोकाच्या चित्रांचे कोपरे पार मऊ पडून त्यांची लव निघाली होती, तर दरबाराची काही चित्रे जवळपास कोरी होती. कोणते प्रसंग लोकांना हवे असत, कुठे निवेदक रेंगाळत असे आणि कुठे पान झटकन उलटत असे, याची ही नोंद कोणीही हेतुपुरस्सर लिहिलेली नव्हती, म्हणून ती अधिक विश्वसनीय मानायला हरकत नाही. अर्थात पोथी किती हातांतून गेली, मधल्या काळात कुठे पडून राहिली, हे कळल्याशिवाय त्यावरून फार मोठे विधान करता येत नाही, हेही त्यांनी लगेच बजावले.

याच सत्रात चित्रांच्या नावाचा प्रश्न निघाला. अशाच प्रकारची चित्रे कलेच्या बाजारात आणि संग्रहालयांत अनेक वर्षे 'पैठण शैली' म्हणून ओळखली गेली, कारण संग्राहकांच्या हाती ती पैठणच्या बाजूने आली. पिंगुळीच्या ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाखाली देवळांतून जी परंपरा चालवली तिचे नाव त्या मानाने उशिरा कानावर आले. वस्तू कुठे जन्मली याऐवजी ती कुठे विकत घेतली गेली, यावरून कलेच्या इतिहासात शैलींची नावे पडतात आणि मग तीच नावे पुरावा म्हणून पुढे केली जातात. बारावे शतक पाहायचे झाले तर कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो, पण तेवढ्यावरून पिंगुळीची परंपरा आठ-नऊशे वर्षे अखंड चालत आली असे म्हणण्याचा मोह बाईंनी आवरायला सांगितला. व्यवसाय जुना आहे. हाच समाज, हीच शैली आणि हेच गाव तितके जुने आहे, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागेल.

त्याच अंगणात चामड्याच्या बाहुल्याही पाहिल्या. चित्रांतले चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, हात-पाय कोनांत मोडलेले, आणि पडद्यामागच्या बाहुलीचे अवयवही असेच. दोन्ही कला एकाच समाजाच्या हातच्या असल्याने हे साम्य डोळ्यांत भरते. मला अधिक विचारात पाडले ते विक्रीच्या टेबलाने. तिथे मांडलेली नवी चित्रे सुटी होती, बहुतेक गणपती, कृष्ण आणि सीतास्वयंवर, चौकटीत बसवण्याजोग्या आकाराची. गिऱ्हाइकाला पोथी नको असते, भिंतीवर लावायला एक चित्र हवे असते, आणि कलाकाराचे घर त्यावरच चालते. म्हणजे पूर्वी आख्यान हे या कलेचे एकक होते, आता सुटे चित्र झाले आहे. या बदलावर निदान अर्धा दिवस चर्चा व्हायला हवी होती. ती चहाच्या वेळेत उरकली गेली.

दशावतार या लोकनाट्याची रात्र हा वर्गाचा दुसरा भक्कम खांब. तळकोकणात कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या देवळांसमोर दशावतारी मंडळांचे खेळ होतात. आयोजकांनी खास आमच्यासाठी प्रयोग लावला नाही, खऱ्या जत्रेतल्या खेळाला नेले, यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. जाण्यापूर्वी प्रत्येकाला एक काम वाटून दिले होते. कोणी संवादांची भाषा टिपायची, कोणी प्रेक्षक कुठे बसतात आणि कधी उठून जातात ते पाहायचे, कोणी वाद्यांकडे लक्ष द्यायचे. माझ्या वाट्याला बाकडे आले. दशावताराच्या मंचावर सामान म्हणून बहुधा एक बाकडेच असते. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर चढून उभे राहिले की पर्वत, दोघे शेजारी बसले की रथ. त्या रात्री एका पात्राने बाकड्यावर बसण्यापूर्वी अंगावरच्या शेल्याने ते दोनदा झटकले आणि तेवढ्यावरून ते आता दुसऱ्या राजाचे झाले, हे पुढच्या रांगेतल्या पोरांनाही कळले.

पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि मग संकासुर येतो. वेद चोरणारा हा असुर काळ्या वेशात उतरतो आणि मालवणीत गावातल्या भल्याभल्यांची फिरकी घेतो, तर त्याला मारायला येणारा विष्णू फारसा बोलतच नाही. पुढे आख्यान सुरू झाले की राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत बोलू लागतात. ज्याने ज्ञान चोरले त्याच्या तोंडी गावाची बोली आणि ज्याच्याकडे राज्य आहे त्याच्या तोंडी ग्रंथांची भाषा, ही वाटणी कोणी केली, केव्हा रूढ झाली, आणि तरीही गाव हसते ते संकासुराच्याच बाजूने का, यावर दुसऱ्या दिवशी झालेली चर्चा या वर्गातील सर्वोत्तम होती.

त्याच चर्चेत पुराव्याच्या मर्यादेचा मुद्दा पुन्हा आला. समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा दाखला दिला आहे. त्यात सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण ते सगळे धटिंगण असतात, असे ते म्हणतात. सतराव्या शतकात दशावतार नावाचा खेळ होता, त्यात पुरुष स्त्रियांची सोंगे घेत आणि वाचकाला हे ठाऊक असेल असे ग्रंथकार धरून चालत होता, एवढे यातून निश्चित मिळते. तो खेळ आजच्या सिंधुदुर्गातल्या खेळासारखाच होता, हे यातून मिळत नाही. शालेय पुस्तके मात्र मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने केलेल्या सीतास्वयंवराच्या प्रयोगापासून मोजतात. बाईंचे म्हणणे असे की, ज्या खेळाला लिहिलेली संहिता नाही, तारीख नाही आणि राजवाड्याऐवजी देवळाचा मांड, म्हणजे देवळासमोरची खेळाची जागा आहे, त्याला इतिहासात जागा द्यायची तर आधी इतिहासाचे मोजमाप बदलावे लागेल. हे मला पटले. अर्धेच पटले, असेही म्हणेन, कारण तारीख नसलेल्या गोष्टीला मनाला येईल तितके जुने ठरवण्याची खोड आपल्याकडे काही कमी नाही.

दशावतारी नटांविषयी 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' अशी म्हण या भागात आहे. वेशभूषेचा पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव पायी जाणाऱ्या नटांचे ते वर्णन. आज मंडळांकडे टेम्पो आहेत, ध्वनिवर्धक आहेत, आणि पाहुण्यांना वाटते त्यापेक्षा कितीतरी अधिक लोकप्रिय असे ट्रिकसीनचे प्रयोगही आहेत, ज्यांत देव धुरातून प्रकट होतो आणि असुराचे मुंडके उडते. वर्गाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. 'पारंपरिक' तेवढाच अभ्यासाला योग्य आणि ट्रिकसीन म्हणजे बिघाड, असा सूर एका पाहुण्या व्याख्यात्याने लावला आणि कोणी त्याला हटकले नाही. सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने तरी हा भेद इतक्या बिनदिक्कत मानू नये. ट्रिकसीनला गर्दी का होते, मंडळांच्या अर्थकारणावर त्याचा काय परिणाम झाला आणि बाकड्यावर विसंबणारी कल्पनाशक्ती त्यात टिकते की नाही, हा आजचा आणि म्हणूनच तपासता येण्याजोगा विषय आहे.

सावंतवाडीचे सत्र त्या मानाने आखीव झाले. राजवाड्यात लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे खेळण्याचे गोल पत्ते, रंगवण्याचे काम चालते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली आणि २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले, हा इतिहास नीट सांगितला गेला. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली गंजिफा भेट पाठवल्याची नोंद आहे आणि मोगली डावात आठ रंग व ९६ पाने असत. म्हणजे बाहेरून आलेल्या खेळाची राजा-प्रधानाची बांधणी तशीच ठेवून त्यावर विष्णूचे अवतार चढवले गेले. धर्माच्या आणि दरबाराच्या सरमिसळीचे इतके हाताळण्याजोगे उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

हाताळण्याजोगे असूनही ते हाताळले गेले नाही, ही माझी तक्रार. आम्ही पाने पाहिली, त्यांची छायाचित्रे घेतली, पण डाव मांडला नाही. या खेळात दिवसा राम ज्याच्या हाती असेल तो सुरुवात करतो आणि रात्री कृष्ण ज्याच्या हाती असेल तो. अर्ध्या रंगांत दहा हे पान राजा-प्रधानाखालोखाल मोठे असते, तर उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटून एक मोठा ठरतो. स्मरणशक्तीला ताण देणारे हे नियम खेळून पाहिल्याशिवाय राजवाड्यातली माणसे गंजिफांवर वेळ कसा घालवत असतील हे कळत नाही, आणि पाने निव्वळ सुबक लघुचित्रे बनून राहतात. एका दुपारच्या दोन तासांत हे सहज झाले असते.

आता साहित्याकडे. इथे वर्गाची गाडी रुळावरून घसरली, आणि तीही पहिल्याच दिवशी बसमध्ये. केशवसुतांच्या मालगुंडला जाऊन परत यायचे म्हणून भल्या पहाटे निघालेलो आम्ही महामार्गावरची वळणे आणि अर्धवट पूल मोजत दुपारी पोहोचलो. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झालेले तेथील स्मारक नेटके आणि अगत्याने सांभाळलेले आहे, त्यात शंकाच नाही. प्रश्न आमच्या सत्राचा आहे. तिथे कविता मोठ्याने वाचल्या गेल्या, छायाचित्रे निघाली आणि निघायची वेळ झाली. १८६६ मध्ये या गावात जन्मलेला आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेलेला हा कवी आयुष्यभर शिकवणीच्या आणि नोकरीच्या पाठी गावाबाहेर हिंडला. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यांना उद्देशून त्याने लिहिलेल्या कवितेत जन्मभूमीची जी ओढ आहे ती दुराव्यातून आलेली आहे. कोकणाविषयीचे केवढे तरी साहित्य कोकणाबाहेर बसून लिहिले गेले, हा या प्रांताच्या सांस्कृतिक इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि तो विचारायला कवीच्या जन्मघरासारखी दुसरी जागा नव्हती.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'वरील सत्र याहून निराशाजनक झाले. व्याख्याते उत्तम बोलत होते, दापोलीकडच्या मुर्डी गावाची आणि सुपारीच्या बागांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. पण त्यांच्या हाती कादंबरी ही गावाची जणू वर्दी देणारी नोंदवही बनली : वाडी इथे, विहीर इथे, अमुक पात्र म्हणजे खरा तमुक माणूस. पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले, बेस्टमध्ये नोकरीला होते आणि त्यांनी हे गाव शहरातून आठवले, हे व्याख्यानात एकदाच, जाता जाता आले. कादंबरी १९५२ सालची. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वंशपरंपरागत जमीनपद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते, आणि अखेर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. खोताच्या जमिनीवर कुळे कोणत्या अटींवर राबत होती आणि कायदा आल्यावर गावातले कोण कोणाकडे मान वर करून पाहू लागले, हे त्या वर्षांतले खरे वादळ होते. त्या वादळाच्या काठावर लिहिलेल्या कादंबरीत त्यातले काय उतरले, काय बाहेर राहिले आणि वाचकाला ते बाहेर राहिलेले जाणवले का, हे प्रश्न चित्रकथीच्या सत्रात ज्या कठोरपणे विचारले गेले त्याच कठोरपणे इथे विचारायला हवे होते. वानरांच्या झुंजीत नसलेला राम आम्ही पाहिला म्हणून आम्हाला खजील करणाऱ्या वर्गाने, कादंबरीत नसलेले कूळ मात्र कोणालाच शोधायला लावले नाही.

चि. त्र्यं. खानोलकरांवरील सत्र बरे होते. कुडाळला त्यांनी चालवलेल्या खानावळीचे किस्से कमी करून त्यांच्या कादंबऱ्यांतील दैवत, भय आणि देहवासना यांचा गावऱ्हाटीशी, म्हणजे ग्रामदैवतांभोवतीच्या गावाच्या रूढींशी, काय संबंध लागतो, याकडे व्याख्यात्यांनी मोर्चा वळवला, आणि रात्री देवळाच्या आवारात दशावतार पाहून आलेल्या वर्गाला ते चटकन उमगलेही. जयवंत दळवींच्या आरवलीचा उल्लेख तिथल्या वेतोबा या ग्रामदैवताला वाहिल्या जाणाऱ्या चपलांपुरता राहिला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र जे सत्र झालेच नाही त्यात आहे. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात आईच्या हाताखाली विणल्या जाणाऱ्या बांबूच्या टोपल्या आहेत, त्या विकून चालणारे घर आहे, आणि त्याच विणीतून लेखनाकडे गेलेली वाट आहे. साहित्य आणि कला या दोन्हींना एका ठिकाणी धरणारे, कोकणातलेच आणि स्त्रीने लिहिलेले असे पुस्तक हाताशी असताना ते वाचनसूचीत नाही, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला. लाखेचे पाट आणि गंजिफा कला म्हणून गणल्या गेल्या, कारण त्यांच्यामागे राजवाडा आहे. सूप, रोवळी आणि टोपली विणणाऱ्यांचा विचार झाला नाही. जात्यावरच्या ओव्या, कोकणी मुसलमान घरांतले लग्नगीत, रत्नागिरीकडचे नमन आणि जाखडी या लोककला यांनाही स्थान नव्हते. एका आठवड्यात सगळे बसणार नाही, हे मान्य. पण मालगुंडच्या बसप्रवासात खर्ची पडलेला पूर्ण दिवस वाचवला असता तर यातले काही तरी बसले असते.

'कोकण' हा शब्द पत्रकावर ठळक अक्षरांत असताना प्रत्यक्षात वर्ग कुडाळ-सावंतवाडीभोवतीच फिरतो, हेही नोंदवले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केलेली महिकावतीची बखर ही उत्तर कोकणाच्या समाजस्थितीकडे पाहण्याची केवढी मोठी खिडकी, पण तिचा उच्चारही झाला नाही. पत्रकात 'दक्षिण कोकण' एवढे लिहिले तरी फसवणूक झाल्याची भावना टळेल.

ग्रंथालयांवरचे सत्र केवळ व्याख्यानाचे होते. १८२८ साली स्थापन झालेले रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय आणि १८६४ पासूनचे चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर यांची माहिती चांगली दिली गेली. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयात पाणी शिरून पुस्तकांची जी हानी झाली, ती सांगताना सभागृह गंभीर झाले. या प्रसंगावरून कोकणातल्या दमट हवेत, वाळवीत आणि पुराच्या रेषेखाली कागद कसा टिकवायचा, हा मुद्दा पुढे नेता आला असता. अभ्यासकाच्या दृष्टीने हा फार व्यवहारी मुद्दा आहे, कारण ज्याच्या घरी जुनी पोथी, दशावताराची वही किंवा जत्रेचा हिशेब आहे त्याला तुम्ही काय सल्ला देणार? त्याचे उत्तर आम्हाला मिळाले नाही.

अभ्याससाहित्य म्हणून दिलेली स्पायरल बांधणीची झेरॉक्स पुस्तिका निराशा करते. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरची काही पाने त्यात आहेत, ती उपयुक्त आहेत. मात्र कित्येक उताऱ्यांखाली ते कुठून घेतले याचा पत्ता नाही आणि चित्रकथीची चित्रे काळ्या-पांढऱ्या धुरकट छपाईत दिली आहेत. लाल आणि निळ्या रंगांतून कोण देव आणि कोण असुर हे ओळखायचे असते आणि इथे दोघेही सारखेच राखाडी. पुराव्याबाबत इतका काटेकोरपणा शिकवणाऱ्या वर्गाला हे शोभत नाही.

शेवटचा अर्धा दिवस कुडोपीच्या सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) कातळशिल्पांसाठी, म्हणजे खडकात कोरलेल्या प्राचीन आकृत्यांसाठी होता. कोकणातील कातळशिल्पांची नोंद २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाल्यापासून सगळ्यांनाच ती दाखवायची असतात. सोबतच्या मार्गदर्शकांनी काळ आणि अर्थ यांबाबत कोणतीही ठाम विधाने केली नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण ज्या आकृत्यांजवळ लिहिलेला शब्द नाही आणि ज्यांची परंपरा कोणी आज चालवत नाही, त्यांचा साहित्य-कलांच्या या वर्गाशी धागा जुळवण्याचा प्रयत्नही झाला नाही, त्यामुळे तो केवळ एक सुंदर फेरफटका झाला.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ होती. जेवण घरगुती, घावणे आणि सोलकढी रोज, मासे खाणाऱ्यांसाठी वेगळी पंगत. जत्रेच्या रात्री मांडावर गार वारा असतो, शाल न्यावी. ज्येष्ठांना सड्यावरची चाल आणि जमिनीवरची बैठक जड जाईल, आणि आयोजकांनी याची पूर्वकल्पना पत्रकात द्यायला हवी होती.

लोककला, रंगभूमी किंवा कलेतिहास यांत संशोधन करणाऱ्याने हा वर्ग जरूर करावा. चित्रकथी आणि दशावतार या दोन सत्रांसाठीच शुल्क वसूल होते. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र पुढील वर्षीची वाचनसूची हातात पडल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि तीत 'आयदान' आहे की नाही ते पाहावे. मालगुंडचा प्रवास कायम असल्यास त्या दिवशी कुडाळला मागे राहून स्वतंत्र वाचन करण्याची मुभा मागून घ्यावी, आयोजक ती देतात. वर्ग पावसाळ्यात हलवण्याचा विचार चालू असल्याचे कानावर आले आहे. तसे झाल्यास जत्रा नाही आणि खऱ्या प्रेक्षकांसमोरचा दशावतारही नाही, म्हणून नोंदणीपूर्वी तारखा विचारून घ्याव्यात.